गिअरच्या सायकलीच्या दोन कप्प्या

गिअरची सायकल कुरकुरू लागली की आमची उज्जैनची मुले साखळीवर तेल ओततात. माळव्याच्या काळ्या मातीची धूळ त्यात कालवली जाते आणि मागच्या चाकाजवळच्या दोन दातेरी कप्प्यांवर टणक थर बसतो. वरची कप्पी साखळीला गिअरवर नेते, खालची तिला ताणून धरते. त्या मळल्या की गिअर नीट पडत नाहीत. दोष मात्र साखळीला! नवी साखळी म्हणजे शाळकरी मुलाच्या घरी लहान खर्च नव्हे.

पायडल उलटे फिरवीत बोथट काडीने थर खरवडावा, रॉकेलच्या फडक्याने पुसावा. आसापाशी तेलाचा एकच थेंब सोडावा, उरलेले टिपून घ्यावे. बंद बेअरिंगच्या कप्प्यांत मात्र रॉकेल जाऊ देऊ नये. आतले वंगण धुऊन जाते. कप्प्या खोलल्याच, तर वरची खाली बसवू नये.