पदवी आणि विद्या : लखनौचा एक दाखला

(अध्यापक-विद्यार्थ्यांपुढे दिलेले भाषण)



अध्यापनाचा व्यवसाय पत्करू पाहणाऱ्या तरुणांना आज एक प्रश्न सतत भेडसावतो : आणखी एक पदवी घ्यावी काय? एम.ए. झाल्यावर नेट, नेटनंतर पीएच.डी. अशी ही चढण असून ती चढता चढता उमेदीची वर्षे सरतात. एवढे करून माणूस चांगला शिक्षक होतो, की केवळ नोकरीस पात्र ठरतो? या प्रश्नाची तात्त्विक चर्चा करण्यापेक्षा एका संस्थेचा दाखला आपणापुढे ठेवावा, असे मी योजिले आहे. संस्था लखनौची, परंतु तिच्या घडणीत मराठी माणसांचा वाटा मोठा आहे.

पंडित विष्णु नारायण भातखंडे १८८५ साली बी.ए. आणि १८८७ साली एलएल.बी. झाले. काही काळ वकिली करून ते संगीताच्या अभ्यासाकडे वळले. त्या काळी बंदिश ही घराण्याची ठेव मानली जाई. शिष्याला काय द्यावे, केव्हा द्यावे आणि द्यावे की नाही, हे सर्वस्वी गुरूच्या मर्जीवर अवलंबून असे. भातखंड्यांनी ठिकठिकाणच्या उस्तादांकडून शेकडो चिजा मिळवून त्या स्वरलिपीत उतरविल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत सर्वांसाठी खुल्या केल्या. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या संगीत परिषदेपासून संगीत विद्यालयाचा विचार जोर धरू लागला. १९२४ आणि १९२५ साली लखनौस परिषदा झाल्या. राय उमानाथ बली व संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांच्या साहाय्याने १९२६ साली तेथे विद्यालय स्थापन झाले आणि त्याला गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव देण्यात आले.

या विद्यालयाने संगीताला वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी दिली. ‘विशारद’, ‘निपुण’ अशा पायऱ्या ठरल्या. ज्यांचा जन्म गवयांच्या घरात झाला नव्हता, अशांना यामुळे हक्काने दार उघडले. मध्यमवर्गीय घरांतील मुलींच्या दृष्टीने तर ही गोष्ट फारच मोलाची होती. मैफलीत गाण्यास घरचा विरोध असला, तरी महाविद्यालयात शिकविण्याचे काम प्रतिष्ठेचे मानले जाऊ लागले. सुमती मुटाटकर यांचे उदाहरण पाहा. लखनौस त्यांनी पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्याकडे तालीम घेतली, ‘संगीताचार्य’ ही सर्वोच्च पदवी मिळविली आणि पुढे दिल्ली विद्यापीठाच्या संगीत विभागात अध्यापन करून त्या अधिष्ठातापदापर्यंत पोहोचल्या. पदवीवाचून हा मार्ग त्यांना मोकळा झाला असता, असे म्हणता येत नाही.

तथापि नाण्याला दुसरी बाजूही आहे. ज्या उस्तादांच्या कंठांतून ही विद्या पुस्तकात आली, त्यांपैकी कित्येकांना लेखी परीक्षेच्या व्यवस्थेत स्थान मिळण्यासारखे नव्हते. रागाचे वादी-संवादी अचूक लिहिणारा विद्यार्थी तो राग रंगवू शकेलच, याची हमी कोणती प्रश्नपत्रिका देणार? विद्यालयाच्या चालकांना ही अडचण दिसत नव्हती असे नाही. म्हणूनच लखनौ घराण्याचे उस्ताद आबिद हुसेन खाँ आणि पुढे उस्ताद अहमदजान थिरकवा यांच्यासारखे तबलानवाज तेथे शिकविण्यास होते. त्यांची योग्यता कोणत्याही प्रमाणपत्रावर अवलंबून नव्हती.

या दोन बाजूंचा मेळ रातंजनकरांनी घातला. ते स्वतः मुंबई विद्यापीठाचे पदवीधर होते आणि त्याचबरोबर बडोद्यास उस्ताद फैयाज खाँ यांचे शिष्यत्वही त्यांनी केले होते. १९२८ साली ते विद्यालयाचे प्राचार्य झाले. दिवसा वर्ग आणि परीक्षा चालत. पण निवडक शिष्यांना ते आपल्या घरी ठेवून शिकवीत. बेळगाव भागातील बैलहोंगलचा कृष्ण गिंडे १९३६ साली अकराव्या वर्षी त्यांच्याकडे गेला आणि घरातलाच एक होऊन राहिला. पंडित के. जी. गिंडे म्हणून पुढे आपण ज्यांना ओळखले, ते केवळ गायक नव्हते. मुंबईत त्यांनी दीर्घकाळ विद्यादानही केले. अभ्यासक्रमाने त्यांना विद्येचा नकाशा दिला, तर प्रत्यक्ष वाट गुरूच्या सहवासात चालून झाली.

माझा व्यवसाय अनुवादाचा. त्यामुळे आणखी एका गोष्टीकडे माझे लक्ष जाते. भातखंड्यांचे बरेचसे मूळ लेखन मराठीत आहे. उत्तरेकडील विद्यार्थ्यांना ते समजावून देणाऱ्या शिक्षकांना, पुढे हाथरसहून हिंदी आवृत्त्या निघेपर्यंत, हा मजकूर आपल्या विद्यार्थ्यांच्या भाषेत आणावा लागला असणार. शिक्षकाला नेहमीच हे करावे लागते. आपल्याला जे कळले, ते दुसऱ्याच्या बोलीत पुन्हा मांडणे, हे कौशल्य कोणत्याही गुणपत्रिकेवर नोंदलेले नसते.

१९६६ साली या विद्यालयाला भातखंड्यांचे नाव मिळाले. २००० साली ते अभिमत विद्यापीठ झाले आणि २०२२पासून ते राज्याचे संस्कृती विश्वविद्यालय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांतही नेट किंवा पीएच.डी. यांच्याबरोबरच संगीतातील नामवंत कलावंतांसाठी वेगळी वाट ठेवलेली आहे. आबिद हुसेन खाँसाहेबांच्या नेमणुकीमागील विचारच या नियमात दिसतो, असे म्हणावे लागेल.

तेव्हा पुढची पदवी अवश्य घ्या. घरी पाठबळ नसलेल्यांनी तर ती घ्यावीच. कारण तिने मिळणारा हक्क कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसतो. मात्र विद्यापीठ निवडण्यापूर्वी, आपण कोणापाशी बसून शिकणार आहोत, याची चौकशी करा. प्रबंधाच्या वर्षांतही शिकविणे सोडू नका; आठवड्यातून एक तास का होईना, वर्गात उभे राहा. आपल्याला खरोखर किती कळले आहे, हे तेथील मुलांच्या चेहऱ्यांवरून कळते.