गोष्ट कोण सांगतंय?

(लासलगाव येथे तरुण वाचकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



लासलगावात बोलतोय, तर कांद्यापासूनच सुरुवात करू. लिलावात एक ट्रॉली उभी आहे. शेतकऱ्याच्या गोष्टीत पाणी, मजुरी आणि न फिटलेलं कर्ज येईल. व्यापाऱ्याच्या गोष्टीत ओला माल, गोल्टी आणि पुढच्या बाजारातली मंदी. हमालाच्या गोष्टीत त्याची पाठ. ट्रॉली एकच, भावही एकच, आणि तिघांपैकी कुणी खोटं बोललेलं नाही. पण तुम्ही एकाचंच ऐकलंत, तर उरलेले दोघे खलनायक वाटतील, नाहीतर दिसणारच नाहीत.

कादंबरीतही असंच असतं. तिथे सांगणाऱ्याला निवेदक म्हणतात. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू 'मी' म्हणून मांडतात. ययातीचं ऐकताना देवयानी अहंकारी वाटते. तिचं स्वतःचं ऐकलं की कचाने नाकारल्याची जखम दिसते. मात्र बापाला आपलं तारुण्य देऊ करणारा पुरू निवेदक नाही. सर्वांत मोठी किंमत मोजायला जो तयार झाला, त्याची गोष्ट आपण इतरांकडून ऐकतो. वाचताना हे लक्षात आलं पाहिजे.

आता आपल्या जवळचं उदाहरण. हमीद दलवाई आपल्याला १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणारे सुधारक म्हणून माहीत आहेत. त्याआधी ते कथाकार होते. त्यांची 'इंधन' ही कादंबरी १९६५ची. कोकणातल्या गावात बऱ्याच वर्षांनी परतलेला मुस्लिम माणूस ती सांगतो. गावातले ताण हळूहळू हिंसेपर्यंत जातात. हीच हकिगत बाहेरच्या माणसाने सांगितली असती, तर 'त्यांचा मोहल्ला' आणि 'त्यांची माणसं' असे शब्द आले असते. इथे सांगणारा घरातला आहे. त्याची टीका घरातून येते, म्हणून ती टाळता येत नाही. पण तो गावापासून दुरावलेलाही आहे. म्हणून 'मी' म्हटलं की सगळं खरं, असं मानू नका. 'मी'लाही मर्यादा असतात. आणि हा 'मी' म्हणजे दलवाईच, असंही धरून चालू नका.

आपल्यासाठी हा प्रश्न परीक्षेपुरता नाही. बातम्यांत, सिनेमात, मोबाईलवर येणाऱ्या मेसेजमध्ये आपण बहुतेक वेळा 'ते' असतो. आपल्याबद्दल बोललं जातं, आपण बोलत नाही. याचा राग येतो आणि तो रास्त आहे. पण मग तोच प्रश्न स्वतःच्या घरातही विचारायला हवा. बहिणीचं शिक्षण का थांबलं, हे भाऊ सांगतो. तलाक का झाला, हे सासरचे सांगतात. तिथे 'मी' म्हणायची पाळी तिच्यावर कधी येते? बाहेर आपल्याला निवेदक व्हायचं असेल, तर घरातल्यांनाही तो हक्क द्यावा लागेल.

म्हणून पुढची कथा वाचताना तीन प्रश्न विचारा. कोण सांगतंय? त्याला कुठून, किती दिसलं असेल? आणि कोण गप्प आहे?

आणि एक काम करा. घरातली एखादी जुनी, सर्वांना पाठ असलेली हकिगत अम्मीला किंवा नानीला तिच्या शब्दांत सांगायला लावा. मध्ये बोलू नका. मग ती मराठीत लिहून काढा. मराठी साहित्यात त्या आवाजाची जागा अजून बरीच रिकामी आहे, आणि ती भरणं तुमच्या हातात आहे.