दोन सरासऱ्यांतील फरक : किती खरा, किती योगायोगाचा?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



परीक्षेचे निकाल लागले की आपल्या मोहल्ल्यात तुलना सुरू होते. उर्दू माध्यमाची सरासरी एवढी, मराठी माध्यमाची तेवढी. अमक्या क्लासची मुले सहा गुणांनी पुढे. मुलगे मागे, मुली पुढे, किंवा याच्या उलट. हे नुसते बोलणे असते तर हरकत नव्हती. पण त्यावरून कोणी मुलाची शाळा बदलतो, कोणी पदरमोड करून क्लासची फी भरतो, तर कोणी "मुलींना गणित जमत नाही" असे ठरवून मुलीची शाळाच बंद करतो. म्हणून दोन गटांच्या सरासरीत दिसणारा फरक खरा केव्हा मानावा, एवढ्याच प्रश्नाचा आज आपण विचार करू.

अविश्वासू माणसाने खबर आणली तर आधी तिची शहानिशा करा, नाही तर नकळत एखाद्या समूहाचे नुकसान कराल, अशी शिकवण कुराण शरीफच्या सूरह हुजुरातमध्ये आहे. सरासरीचा आकडा हीसुद्धा एक खबरच आहे. तिची शहानिशा करण्याचे एक साधन संख्याशास्त्राने दिले आहे. त्याचे नाव टी-कसोटी.

ही कसोटी विल्यम सीली गॉसेट या इंग्रज गृहस्थाने शोधली. १८९९ साली तो डब्लिनच्या गिनेस कंपनीत नोकरीस लागला. कंपनीचा धंदा मद्याचा, आपल्याला वर्ज्य. पण इल्म जिथे मिळेल तिथून घ्यावे. बार्लीचे कोणते वाण चांगले, हे त्याला मोजक्या नमुन्यांवरून ठरवावे लागे. नमुने थोडे असले की योगायोगाचा वाटा वाढतो. तो किती, याचे गणित त्याने बसवले आणि १९०८ साली 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. कंपनी नोकरांना स्वतःच्या नावाने लिहू देत नसे, म्हणून त्याने 'स्टुडंट', म्हणजे विद्यार्थी, हे टोपणनाव घेतले. पुढे रोनाल्ड फिशर यांनी दोन गटांच्या तुलनेसाठी ही पद्धत वाढवली आणि १९२५ च्या आपल्या ग्रंथातून सर्वत्र पोहोचवली.

आता एक उदाहरण घेऊ. समजण्यास सोपे जावे म्हणून आकडे मी स्वतः रचले आहेत. पाच मुलांनी गणिताचा जादा तास केला. त्यांचे गुण ४८, ५०, ५२, ५४, ५६, सरासरी ५२. दुसऱ्या पाच मुलांनी तो केला नाही. त्यांचे गुण ४२, ४४, ४६, ४८, ५०; सरासरी ४६. फरक ६ गुणांचा.

पहिल्या गटातील प्रत्येक मुलाचे गुण सरासरीपासून किती दूर आहेत ते पाहा. त्या अंतरांचे वर्ग करून बेरीज करा, ४० येते. मुलांच्या संख्येतून एक वजा करून, म्हणजे ४ ने, तिला भागा; १० आले. त्याला मुलांच्या संख्येने, म्हणजे ५ ने भागा, २ आले. दुसऱ्या गटाचेही २ च येतात. दोन्हींची बेरीज ४, तिचे वर्गमूळ २. याला प्रमाण त्रुटी म्हणतात. निव्वळ योगायोगाने दोन सरासऱ्या साधारण किती मागेपुढे होऊ शकतात, याचे हे माप आहे. ६ ला २ ने भागले की ३ येतात. हे आपले टी-मूल्य.

आता हेच दुसऱ्या शाळेत पाहू. जादा तास करणाऱ्यांचे गुण २२, ३७, ५२, ६७, ८२ आणि न करणाऱ्यांचे १६, ३१, ४६, ६१, ७६. सरासरी पुन्हा ५२ आणि ४६, फरकही तोच ६. पण गुण दूरवर पांगलेले आहेत. त्यामुळे प्रमाण त्रुटी १५ येते आणि टी-मूल्य अवघे ०.४.

पाच-पाच मुलांच्या दोन गटांसाठी कोष्टकातील मर्यादा सुमारे २.३१ आहे. खरोखर फरक नसताना एवढे किंवा याहून मोठे मूल्य, अधिक वा उणे, शंभरात पाचच वेळा येते. पहिल्या शाळेचे ३ ही मर्यादा ओलांडतात, म्हणून तो फरक सार्थक. दुसऱ्या शाळेचा फरक योगायोगानेही सहज पडू शकतो.

विद्यार्थी मित्रांनो, तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, फरक सार्थक ठरला नाही म्हणजे फरक नाहीच असे सिद्ध होत नाही. मुले अधिक घेतली तर तो कदाचित दिसेल. दोन, फरक सार्थक असला तरी त्याचे कारण टी-कसोटी सांगत नाही. जादा तासाला मुळातच हुशार मुले बसली असतील, तर श्रेय तासाला कसे द्यावे? म्हणून गट चिठ्ठ्या टाकून पाडावेत. तीन, वीस ठिकाणी तुलना केली तर एखाद्या ठिकाणी योगायोगानेच फरक सार्थक दिसण्याचा संभव असतो. जाहिरातवाला नेमका तेवढाच आकडा छापतो.

पालकांना माझी विनंती आहे. कोणी सरासरी सांगितली की विचारा: मुले किती होती? गुण किती पांगलेले होते? गट कसे पाडले? उत्तर मिळेपर्यंत फी भरू नका आणि शाळाही बदलू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचे. पहिल्या शाळेचे आकडे पुन्हा पाहा. तिथे फरक सार्थक आहे, तरी मागे पडलेल्या गटातला ५० गुणांचा मुलगा पुढच्या गटातल्या ४८ वाल्याच्या पुढे आहे. कसोटी गटाबद्दल बोलते, तुमच्या मुलाबद्दल किंवा मुलीबद्दल नाही. उद्या कोणी मुलींच्या सरासरीचा आकडा पुढे करून मुलीला घरी बसवा म्हणाला, तर त्याला एवढेच सांगा की सरासरी गटाची आहे, मुलगी माझी आहे. तिची वही उघडून पाहा, तिच्या शिक्षकांना भेटा आणि तिला शिकू द्या.

अल्लाह आपल्या मुलामुलींना इल्म देवो आणि आपल्याला शहानिशा करण्याची सवय देवो. खुदा हाफिज.