सेवेची सरकारी खुर्ची

(धावडा, ता. भोकरदन, जि. जालना येथे युवकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मिरचीच्या तोडणीचे दिवस असूनही आपण एवढ्या संख्येने आलात, याचा आनंद वाटतो. येथील अनेक तरुण स्पर्धा परीक्षांची तयारी करीत आहेत. कोणत्या पदासाठी, असे मघाशी विचारले तेव्हा फौजदार आणि तलाठी ही दोनच उत्तरे आली. समाजकल्याण खात्याचे नाव एकानेही घेतले नाही. मी त्याच खात्याविषयी बोलणार आहे.

सेवा म्हटले की आपल्याला संस्था आठवते. 1989 साली, डॉ. हेडगेवार जन्मशताब्दीच्या वर्षी, संभाजीनगरात उभे राहिलेले रुग्णालय किंवा तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीचा भटके-विमुक्तांच्या मुलांसाठीचा प्रकल्प, ही आपल्या अभिमानाची स्थाने. परंतु एक यमगरवाडी उभी राहायला कितीजणांची आयुष्ये लागतात! निराधार, परित्यक्ता, दिव्यांग तर गावोगावी आहेत. त्यांच्यापर्यंत रोज पोहोचू शकेल अशी यंत्रणा शासनाचीच आहे. खाते भ्रष्ट आहे म्हणून नाक मुरडायचे आणि आपल्या मुलाने तिकडे फिरकू नये असेही वाटायचे, ही आपण मध्यमवर्गीयांनी करून घेतलेली सोय आहे.

संजय गांधी निराधार योजना पाहा. ती 1980 पासून चालू आहे. 2023 मध्ये तिचे मासिक अनुदान 1000 वरून 1500 रुपये झाले. रक्कम तुटपुंजीच, पण एकट्या विधवेची चूल तीवर पेटते. धावड्याहून भोकरदनच्या तहसिलीत गेलेल्या बाईला ‘उद्या या’ म्हटले की तिची एक दिवसाची मजुरी बुडते. तेच तीनदा झाले, तर ती पुन्हा जातच नाही. कोणता कागद कमी आहे हे पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगणे, ही केवढी मोठी सेवा!

आता वसतिगृहांकडे वळू. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांबरोबर मुलेही फडावर जातात आणि शाळा सुटते. त्यासाठी 2021 मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. 41 तालुक्यांत 82 वसतिगृहे ठरली. इमारत पैशाने मिळते. आई मात्र आपली मुलगी मागे ठेवील, ती गृहपाल बाईंवर विश्वास बसला तरच. रात्री मुलीला ताप आला तर उशाशी कोण बसणार, एवढेच त्या माउलीला जाणून घ्यायचे असते.

वाटा अनेक आहेत. बालविकास प्रकल्प अधिकारी लोकसेवा आयोगामार्फत निवडले जातात. गृहपाल व समाजकल्याण निरीक्षक आदींच्या 219 जागांची जाहिरात 2024 मध्ये निघाली होती. बारावी झालेल्या भगिनींना स्वतःच्याच गावात अंगणवाडी सेविका होता येते. हे पद मानधनाचे आहे, पूर्ण वेतनाचे नाही, हेही सांगितले पाहिजे. 1975 पासून चाललेल्या योजनेला हे शोभत नाही.

या नोकरीत दरारा नाही, बदल्या आहेत, वरून दडपण आहे. चार वर्षांत माणूस निबर होतो, असेही मी पाहिले आहे. म्हणूनच शाखेतील मित्रांनी अशा कार्यकर्त्याला एकटे सोडू नये. महिन्यातून एकदा त्याच्या वसतिगृहावर जावे, मुलांच्या पंगतीत बसून जेवावे.

कार्यक्रम संपल्यावर मी तासभर येथेच आहे. ज्यांना अर्जाविषयी विचारायचे असेल, त्यांनी वही घेऊन यावे. मुलींनी आधी यावे; त्यांना अंधारापूर्वी घरी पोहोचायचे आहे.