नवजात बाळांचा जंतुदोष आणि प्रतिपिंडांची कसोटी



आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात, ती मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत. अपुऱ्या दिवसांचे बाळ ही शिदोरी पुरती न घेताच जन्मते. रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेले इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजेच प्रतिपिंडे, शिरेतून दिले तर सेप्सिस (गंभीर जंतुदोष) झालेले बाळ वाचेल, ही आशा म्हणूनच रास्त होती. लहान चाचण्यांनी तिला बळही दिले.

‘आयएनआयएस’ या मोठ्या चाचणीत ती आशा कसाला लागली. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना, सर्बियासह 9 देशांतील 113 रुग्णालये आणि 3493 बाळे. अँटिबायोटिक्स सर्वांनाच सुरू होती. त्यावर एका गटाला इम्युनोग्लोब्युलिन मिळाले, दुसऱ्याला औषध नसलेले द्रावण. 2011 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. दोन वर्षांच्या वयापर्यंत मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व आलेली बाळे दोन्ही गटांत 39 टक्केच होती.

आपली बाळे या चाचणीत सहभागी करणाऱ्या आईवडिलांचे ऋण जगातल्या प्रत्येक नवजात कक्षावर आहे.

एकाच विषाणूवर रोखलेली प्रतिपिंडे मात्र प्रतिबंधासाठी खरी उतरली. हिपॅटायटिस बी असलेल्या आईच्या बाळाला जन्मानंतर 12 तासांच्या आत लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिन दिले जाते. श्वसनमार्गाच्या ‘आरएसव्ही’ या विषाणूविरुद्धच्या निर्सेव्हिमॅब या प्रतिपिंडाने फ्रान्स, जर्मनी आणि ब्रिटनमधील 8058 बाळांच्या चाचणीत, या विषाणूमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण 83 टक्क्यांनी घटवले. सेप्सिसमागे मात्र एकच शत्रू नसतो. दिल्लीतील तीन रुग्णालयांच्या अभ्यासात अॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला, ई. कोलाय असे अनेक जंतू सापडले, त्यांतले कित्येक अँटिबायोटिक्सना न जुमानणारे.

लवकर निदानाचे बळ विदर्भातच दिसले आहे: गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या स्त्रियांना घरीच नवजात बाळाची काळजी घेण्याचे, सेप्सिस वेळीच ओळखून अँटिबायोटिक्स देण्याचे प्रशिक्षण दिले. त्या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापले.

तेव्हा नागपुरातील बालरोगतज्ज्ञांच्या या परिषदेला विनंती एवढीच: सेप्सिसच्या नुसत्या संशयावर सरसकट इम्युनोग्लोब्युलिन लिहिणे थांबवावे, आईचे दूध, हातांची स्वच्छता आणि लवकर निदान यांवर भर द्यावा, आणि नव्या प्रतिपिंडांच्या चाचण्यांचे निकाल, नकारार्थी असले तरी, प्रसिद्ध करावेत.