खरी साक्ष आणि खरा वकील
(गांवच्या शाळेंत पालक मंडळींपुढें एका शिक्षकानें केलेलें भाषण)



 आम्ही मराठी शाळेचे मास्तर. कायद्याचीं जाडजूड बुकें आम्हीं वाचलेलीं नाहींत. तरी आज एका वकिलाचें चरित्र सांगायला उभे राहिलों आहों. त्याचें कारण असें. गेल्या पंधरवड्यांत गांवांतले दोघे-तिघे आमच्याकडे येऊन गेले. "मास्तर, पोरग्याला वकील करायचाय. काय करावं?" आम्हीं उलट विचारलें, "कशासाठीं?" त्यांतला एक म्हणाला, "भावकीशी बांधाचा दावा हाय. घरचा वकील असला म्हंजे समोरच्याला लोळवता येईल." हें उत्तर ऐकून आम्हांला त्या रात्रीं झोंप आली नाहीं. म्हणून हें भाषण.

ज्यांच्याविषयीं बोलायचें ते अण्णा बाबाजी लठ्ठे. लोक त्यांना अण्णासाहेब म्हणत. जन्म १८७८ सालीं, आपल्या कुरुंदवाडास. नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्यांस हें गांव ठाऊक आहेच. जातीनें ते जैन. आपल्या भागांतला जैन म्हणजे पेढीवरचा शेटजी नव्हे. तो बहुतेक औत धरणारा शेतकरीच. अशा समाजांतला हा मुलगा शिकत शिकत एम. ए. झाला आणि वकिलीची एलएल. बी. ही परीक्षाहि पास झाला. १८९९ सालीं दक्षिण महाराष्ट्र जैन सभा निघाली, तिच्या उभारणींत हा तरुण पुढें होता.

त्या काळीं आपल्या मुलानें एवढें शिकणें म्हणजे काय, तें एका आंकड्यावरून समजेल. हा आंकडा लठ्ठ्यांनींच पुढें शाहू महाराजांच्या चरित्रांत दिला आहे. १८९४ सालीं महाराजांच्या हातीं राज्यकारभार आला, तेव्हां दरबारच्या ७१ जागांपैकीं ६० जागांवर ब्राह्मण होते. उरलेल्या ११ जागांत बाकीची सारी प्रजा! म्हणजे सारा भरणारे एक, आणि साऱ्याचा हिशेब लिहिणारे दुसरे. २६ जुलै १९०२ रोजीं महाराजांनीं हुकूम काढला कीं, मागासलेल्या वर्गांसाठीं निम्म्या जागा राखून ठेवाव्या. पण हुकूम निघाला म्हणून माणसें तयार होत नाहींत. माणसें तयार होण्यासाठीं शाळा लागते, आणि खेड्यांतून येणाऱ्या पोराला भाकरी व अंथरूण देणारें बोर्डिंग लागतें. तीं बोर्डिंगें कोल्हापुरांत एकामागून एक निघालीं. या कामांत महाराजांस जीं शिकलेलीं माणसें मिळालीं, त्यांत लठ्ठे होते. राजाराम कॉलेजांत ते इंग्रजीचे प्रोफेसर झाले, पुढें संस्थानच्या शाळाखात्याचे इन्स्पेक्टर झाले.

आतां चरित्र सांगायचें तर उणें झांकून सांगूं नये. १९०८ सालीं कोल्हापुरांत अस्पृश्य मुलांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग निघालें. जैन बोर्डिंगांत त्या वेळीं कुंभोजचा एक दांडगा विद्यार्थी होता, भाऊराव पायगौंडा पाटील. त्यांच्या चरित्रांत अशी हकीकत येते कीं, तो मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास जाऊन आला, म्हणून बोर्डिंगची व्यवस्था पाहणाऱ्या लठ्ठ्यांनीं त्याला आंघोळ करून आंत येण्यास सांगितलें. मुलगा म्हणाला, माणसाच्या शेजारीं बसल्यानें विटाळ कसला? आंघोळ करणार नाहीं. त्यापायीं त्याला बोर्डिंग सोडावें लागलें. मंडळी, येथें विद्यार्थी खरा होता आणि शिकलेला माणूस चुकला होता. ही गोष्ट ध्यानांत ठेवा, कारण पुढची गोष्ट हिच्याशीं जोडलेली आहे.

१९१४ सालीं कोल्हापुरांत इंग्रज राजघराण्याच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फांसलें. इंग्रजी अंमलांत हा भयंकर गुन्हा. तपास सुरू झाला आणि संशयाचा कांटा लठ्ठ्यांकडे वळविण्यांत आला. पण पुरावा कोठून आणायचा? मग भाऊरावांना धरण्यांत आलें. लठ्ठ्यांच्या विरुद्ध साक्ष दे, एवढेंच त्यांच्याकडून पाहिजे होतें. भाऊरावांच्या मनांत जुना डंख असता तर सूड घेण्याची याहून चांगली संधि ती कोणती? ज्यानें बोर्डिंगांतून घालविलें, त्याला आतां एका वाक्यानें तुरुंगांत घालवितां आलें असतें. भाऊरावांनीं तें वाक्य उच्चारलें नाहीं. कोठडींत मारहाण झाली, छळ झाला, ते जिवावर उदार झाले. पण खोटी साक्ष दिली नाहीं ती नाहींच.

बंधूंनो, आम्हांला वाटतें कीं लठ्ठ्यांच्या चरित्रांतला सर्वांत मोठा प्रसंग हा. आणि गंमत अशी कीं त्यांत मोठेपणा लठ्ठ्यांचा नाहीं; तो मॅट्रिकहि न झालेल्या पोराचा आहे. वकिलाची सारी विद्या एका बाजूला आणि साक्षीदाराचें एक खरें वाक्य एका बाजूला. तें वाक्य फिरलें असतें, तर एम. ए., एलएल. बी. या पदव्यांनीं लठ्ठ्यांना वांचविलें नसतें.

येथें आमचीहि एक गोष्ट कबूल करतों. नोकरीच्या पहिल्या वर्षीं आम्ही दुसऱ्या गांवीं होतों. एका वजनदार गृहस्थानें संध्याकाळीं एक कागद पुढें केला आणि म्हणाला, "मास्तर, साक्षीदार म्हणून एक सही करा." आम्हीं कागद वाचला नाहीं. चहा घेतला आणि सही केली. तो कागद एका विधवेच्या वीस गुंठ्यांचा होता. तिचा आंगठा आमच्यासमोर उठला नव्हता. आमच्या सहीमुळें तो आमच्यासमोर उठला असें ठरलें. पुढें ती बाई त्याच रानांत दुसऱ्याच्या रोजावर भांगलायला जातांना आम्हीं पाहिली. आम्ही शिकलेले होतों, भाऊरावांहून जास्त परीक्षा पास झालेले होतों. पण त्या संध्याकाळीं आमच्या शिक्षणाची किंमत एक कप चहा झाली.

असो. लठ्ठ्यांना कोल्हापूर सोडावें लागलें. त्यांनीं बेळगांवास वकिली सुरू केली. तेथें पैसा मिळवून स्वस्थ बसतां आलें असतें. तसें ते बसले नाहींत. १९१६-१७ च्या सुमारास डेक्कन रयत असोसिएशन उभी राहिली, तींत ते होते. 'डेक्कन रयत' या नांवाचें इंग्रजी साप्ताहिकहि त्यांनीं चालविलें. इंग्रजीच कां? तर सरकार जी भाषा वाचतें, त्या भाषेंत रयतेचें गाऱ्हाणें जावें म्हणून. १९१९ च्या कायद्यानें मुंबईच्या कौन्सिलांत मराठे आणि तत्सम जातींसाठीं सात जागा राखल्या गेल्या, त्यामागें अशा पुष्कळांची खटपट होती. लठ्ठे स्वतः पुढें दिल्लीच्या कायदेमंडळांत निवडून गेले.

वकिलानें रयतेची बाजू घेणें ही गोष्ट एकट्या आपल्या मुलखांतली नाहीं. लठ्ठ्यांच्या बरोबर शंभर वर्षें आधीं, १७७८ सालीं, दक्षिण अमेरिकेंत ब्यूनॉस आयर्स शहरीं मारिआनो मोरेनो नांवाचा पुरुष जन्मला. तो कायदा शिकायला डोंगरी मुलखांत चुकिसाका गांवीं गेला. त्या मुलखांत पोतोसीच्या चांदीच्या खाणी होत्या, आणि तेथल्या मूळ रहिवाशांना त्या खाणींत वेठीनें राबवीत. मोरेनोनें आपला अभ्यासाचा निबंध या वेठीवरच लिहिला. १८१० सालीं त्याच्या शहरानें स्पेनच्या अंमलाविरुद्ध आपलें सरकार उभें केलें, तेव्हां तो त्याचा चिटणीस झाला आणि त्यानें लगेच वर्तमानपत्र काढलें. पुढच्याच वर्षीं समुद्रप्रवासांत तो वारला. सात समुद्रांपलीकडचा हा वकील आणि आपला बेळगांवचा वकील, दोघांनींहि एक गोष्ट ओळखली होती : कोर्टांत एका अशिलाचा न्याय होतो; सगळ्या रयतेचा न्याय व्हायचा तर कायदा करण्याच्या ठिकाणीं जावें लागतें, आणि वर्तमानपत्रांतून लोकांना जागें करावें लागतें.

शाहू महाराज ६ मे १९२२ रोजीं वारले. ज्यांच्या राज्यांतून आपणांस जावें लागलें, त्या महाराजांविषयीं लठ्ठ्यांनीं काय लिहिलें असतें? कडू लिहितां आलें असतें. निदान गप्प बसतां आलें असतें. पण १९२४ सालीं त्यांनीं महाराजांचें मोठें इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केलें आणि त्यामागून मराठींतहि चरित्र लिहिलें. महाराजांनीं रयतेसाठीं काय केलें, तें आंकड्यांनिशीं, कागदपत्रांनिशीं जगापुढें मांडलें. आजहि महाराजांविषयीं लिहिणारा अभ्यासक तें चरित्र उघडल्याशिवाय पुढें जात नाहीं. भाऊरावांनीं कोठडींत जें केलें, तेंच लठ्ठ्यांनीं लेखणीनें केलें. आपल्यावर काय गुदरलें, हें बाजूला ठेवून खरी साक्ष दिली. पुढें राजाराम महाराजांच्या कारकिर्दींत तेच लठ्ठे कोल्हापूरचे दिवाण म्हणून परत आले.

१९३७ सालीं मुंबई इलाख्यांत बाळासाहेब खेर यांचें काँग्रेस मंत्रिमंडळ आलें, त्यांत लठ्ठे अर्थमंत्री झाले. खजिन्याची वही त्यांच्या हातीं आली. दारूबंदी करायची ठरलें होतें. पण दारूचा महसूल म्हणजे खजिन्याचा मोठा खांब. तो काढला तर छप्पर कशावर उभें करायचें? शेतसारा वाढविणें सोपें असतें, कारण शेतकऱ्याचा आवाज मुंबईस पोंचत नाहीं. लठ्ठ्यांनीं शहरांतल्या घरां-इमारतींवर कर बसविला. घरमालक हायकोर्टांत गेले. तेथेंहि कर टिकला. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरांत दारूबंदी सुरू झाली. कुळांसाठीं कायदा आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठीं कायदा, हेहि याच मंत्रिमंडळानें १९३९ सालीं केले. त्याच वर्षीं इंग्रजांनीं हिंदुस्थानाला न विचारतां महायुद्धांत ओढलें, तेव्हां नोव्हेंबरांत मंत्रिमंडळानें राजीनामा दिला आणि लठ्ठेहि खुर्ची सोडून बाहेर पडले. १९५० सालीं, देश स्वतंत्र आणि प्रजासत्ताक झालेला पाहून, त्यांचें देहावसान झालें.

आणि त्या साक्ष न देणाऱ्या पोराचें काय झालें? तें सांगायला मास्तर कशाला पाहिजे! १९१९ सालीं कऱ्हाडजवळ काले गांवीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या शाळा आज गांवोगांवीं आहेत, आणि आपल्यापैकीं कित्येकांच्या घरांत तेथें शिकलेलें एखादें तरी माणूस आहे. ज्या बोर्डिंगच्या दारांत विटाळाचा प्रश्न निघाला, त्याचें उत्तर भाऊरावांनीं सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीला बसवून दिलें.

तर बांधाच्या दाव्यासाठीं मुलाला वकील करूं म्हणणाऱ्या बापाला आमचें हात जोडून सांगणें आहे. दादा, मुलाला जरूर वकील करा. फी कमी पडली तर आम्ही गांवांत फिरून जमवूं. पण तो अकरा-बारा वर्षांचा आहे आणि रोज संध्याकाळीं तुमच्या मांडीशीं बसून ऐकतो आहे. परवां बांधाच्या पंचनाम्याला तुम्ही कोणाकोणाला साक्षीला उभे करणार, त्यांनीं काय बोलायचें, हें तुम्ही त्याच्यासमोर ठरवीत होतां. बांध कोठें होता, हें त्या पोराला ठाऊक आहे. तो रोज त्या बांधावरून म्हैस हांकतो. कायदा तो पुढें कॉलेजांत शिकेल. खरें काय आणि खोटें काय, हें तो आतां शिकतो आहे, आणि त्याचा मास्तर आम्ही नाहीं, तुम्ही आहां.

पंचनामा येत्या सोमवारीं आहे असें ऐकतों. त्या दिवशीं पोराला शाळेंतून सुटी हवी असेल तर आम्ही देऊं. त्याला बांधावर घेऊन जा, आणि त्याच्यासमोर बांध जेथें होता तेथेंच दाखवा.