ताऱ्यांचे रंग

उज्जयिनीस क्षिप्रेच्या काठी सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा आजही उभी आहे. मध्यंतरी ती मोडकळीस आली होती. १९२३ साली माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार करविला आणि गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाने तेथील काम पाहिले. सम्राट यंत्र, नाडीवलय, दिगंश, भित्ती ही यंत्रे तारा कोठे आहे हे सांगतात. पण तो तांबडा का, निळसर का, या प्रश्नापुढे दगडचुन्याची ही यंत्रे निरुत्तर होतात.

थंडीच्या दिवसांत त्या आवारातून मृगनक्षत्राकडे पाहावे. एका कोपऱ्यात काक्षी तांबूस, समोरच्या कोपऱ्यात राजन्य निळसर पांढरा. जवळच केशरी रोहिणी. हा भेद कशामुळे, हे आपल्या गावचा लोहार सांगू शकेल. भट्टीतले लोखंड आधी काळपट तांबडे होते, मग नारिंगी, मग पिवळे आणि अखेर पांढरेफेक. ताऱ्यांचेही तसेच आहे. काक्षीच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ३,५०० केल्व्हिन, सूर्याचे सुमारे ५,८००, तर राजन्याचे सुमारे १२,०००. तांबडे ते तप्त आणि निळे ते शीतल, असा आपला नित्याचा समज. आकाशात तो नेमका उलटा पडतो!

मग हिरवा तारा का नाही? तप्त वस्तू एकच रंग फेकीत नाही; सर्वच रंग कमीअधिक प्रमाणात फेकते. ज्याचा भर हिरव्यावर, त्याच्याकडून तांबडा व निळाही भरपूर येतो, आणि या मिश्रणाला आपला डोळा पांढरे म्हणतो. आपला सूर्य याच जातीचा.

तारे कशाचे घडले आहेत हे मनुष्याला कधीच कळणार नाही, असे ऑग्यूस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८३५ साली लिहून टाकले होते. किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी प्रकाशाच्या वर्णपटातील रेषांवरून मूलद्रव्ये ओळखण्याची रीत दाखविली ती १८५९-६० मध्ये. म्हणजे ते भाकीत पुरती पंचवीस वर्षेही टिकले नाही. पण या रेषा ताऱ्यागणिक इतक्या निराळ्या का, हे कोडे उरलेच होते. ते उकलणारे समीकरण १९२० साली आपल्या मेघनाद साहांनी मांडले. द्रव्ये बहुतांशी तीच. तापमान पालटले की अणूंची अवस्था पालटते आणि रेषाही पालटतात.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. क्षितिजालगतचा व्याध क्षणात तांबडा, क्षणात हिरवा चमकतो; तो खेळ आपल्या हवेचा. घटकाभर थांबून त्याला वर चढू द्यावे, म्हणजे त्याचा खरा निळसर पांढरा रंग दिसेल.